गुरुशांतला बोलावणं

आमी गोंधळी. दिवसा सात रस्ता चौकात रिक्षा चालवतो, म्हणून काय झालं? पर लोकांना वाटतं गोंधळ म्हंजी ऑर्केस्ट्रा. न्हवं बाबांनो! हितं नाव घिऊन बोलावत्यात. तुळजापूरच्या आईला, जेजुरीच्या खंडोबाला, घरातल्या मेलेल्या वाडवडलांना. आन् ज्याला बोलावलं त्याला शेवटाला नाव घिऊनच वाटंला लावायचं. एक जरी ऱ्हायला तर त्या घरात पाळणा हलत न्हाय, आसं माझा म्हातारा सांगायचा. जित्या माणसाला मातर कदी बोलवायचं न्हाय. त्याच्यासाठी पत्रिका हाय, फोन हाय.

औंदा मंद्रूपला मल्लव्वाच्या धाकट्या लेकाचं, युवराजचं लगीन झालं, त्याचा गोंधळ व्हता. हल्ली पोलीस धा वाजता स्पीकर बंद करत्यात, म्हणून आमी ऊन उतरायलाच मांडामांड केली. पाटावर तांदळाचा चौक भरला, दिवटी पेटवली, तवर मल्लव्वा पदर सावरत जवळ आली.

"रामहरी भाऊजी, माझ्या गुरुशांतला बी बोलवा."

माझं डोस्कंच सणकलं. गुरुशांत तिचा थोरला. आट वर्सांखाली पुण्याला कामाला म्हणून गेला, त्यो गेलाच. फोन बंद. पोलिसात दिलं, पेपरात फोटो छापला, पत्त्या न्हाय.

"वयनी, शाण्या का खुळ्या तुमी? जित्याला बोलवत न्हाईत."

"जिता हाय का, त्येच तर कळंना की," ती म्हणली. "मला रडताबी येईना. रडले तर जित्या लेकाला अपशकुन, न्हाय रडले तर मेलेल्याची आई कसली मी? बोलवून बगा. न्हाय आला, तर हाय कुटंतरी म्हणून गप बसन."

मला लई राग आला. बाईचं खरं निगालं की माणसाला रागच येतो. "बरं," म्हणलं, "पर मागनं मला बोल लावायचा न्हाय."

माझा मेव्हणा सुबाना संबळ घुमवाय लागला. मी एकेकाचं नाव घेतलं. तुळजापूर झालं, जेजुरी झाली, वेळापूरचा महादेव झाला, मल्लव्वाचा सासरा झाला, दादला झाला. मागनं बायका "गोंधळाला या" म्हणत साथ देत व्हत्या. मग घसा खाकरला आन् म्हणलं, "मल्लव्वाच्या लेका, गुरुशांता, गोंधळाला या!"

"आलो की."

दारात उभा व्हता. गल्लीनं येताना त्याला कुनी बगितलं न्हवतं, आन् गल्लीत तर निम्मं गाव बसलं व्हतं. बायका किंचाळल्या. मल्लव्वा धावली, तिनं त्याचा हात धरला त्यो सोडंचना. "आला गं बाई, माझा सोन्या आला!" युवराज हुंदके देत व्हता, नवी नवरी पाया पडली. मी मनात म्हणलं, सुटलो बाबा, जिता हाय. आमच्या गाण्याचा आन् त्याच्या येण्याचा काय संबंद न्हाय.

मग दोगं भाऊ शेजारी बसले, आन् माझ्या तोंडातलं गाणं तितंच अडाकलं. युवराजचं पोट सुटलंय, म्होरचे केस इरळ झालेत. गुरुशांतला मातर मिसरूड तेवडंच, पुण्याला जाताना फुटलं व्हतं तेवडं. थोरला धाकट्याहून ल्हान दिसत व्हता.

सुबानानं बी बगितलं. त्यानं एकदा माझ्याकडं पाह्यलं आन् मान खाली घालून वाजवत ऱ्हायला. माणसं इचारत व्हती, "कुटं व्हतास रं एवडी वर्सं?" त्यो नुसता हसायचा.

तेल घालाय दिवटी खाली घेतली, तवा त्यो माझ्या कानाशी आला.

"काका, शेवटाला माझं नाव नका घिऊ."

जित्या माणसाला नावाचं भ्या कशाला आसंल?

"आईपशी ऱ्हातो की," त्यो म्हणला. "कुनाला तरास न्हाय देत."

एवडी गयावया करत व्हता लेकरू. माझं काळीज पाणी झालं. वाटलं, रामहरी, इसर की एक नाव, तुझ्या बापाचं काय जातंय? पर समोर युवराजची नवरी बसली व्हती, हातावरची मेंदी अजून लालभडक. मी कुनाला घरात ठिऊन चाललो व्हतो?

निरोपाचं गाणं धरलं. तुळजापूरच्या आईला वाटंला लावलं, खंडोबाला लावलं, महादेवाला, वाडवडलांना. "आपल्या ठिकाणाला जा." मग एकच नाव उरलं आन् माझी जीभ उचलंना. सुबाना त्योच ठेका घोळवत बसला.

"घ्या, भाऊजी," मल्लव्वा म्हणली.

"वयनी..."

"मघापास्नं चोळतीया त्याचा हात. ऊब धरंना की."

"आई, नगं," गुरुशांत म्हणला.

तिनं त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "जा माझ्या राजा. लई दमलास तू."

मी नाव घेतलं. साथीला एकबी बाई बोलली न्हाय. मल्लव्वा एकटीच म्हणली, "आपल्या ठिकाणाला जा."

दाराकडं कुनी गेलं न्हाय. युवराजच्या शेजारचा पाट तेवडा रिकामा व्हता. मल्लव्वा जरा येळ पाटाकडं बघत बसली, आन् मग तिनं जो हंबरडा फोडला! लगीनघर, भाईर पंगतीची पानं मांडलेली, पर तिला गप बस म्हणायची कुनाची छाती झाली न्हाय.