न हलणाऱ्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हटलं की लोक भंगारात काढायला बघतात, म्हणून आधीच सांगतो, माझा दिवा अजून लागतो! माझ्याखाली बंदुकीच्या दोन गोळ्या ठेवतात आणि माझ्यातून त्या शेजारीशेजारी दिसतात. बंदुकीची नळी गोळीवर बारीक रेघा ओढते. दोन्हींच्या रेघा जुळल्या, तर बंदूक एकच.

संभाजीनगरच्या या कॉलेजात मला आणलं, तेव्हा हार घातला, नारळ फोडला. एम.एस्सी.ची पोरं माझ्यापुढं रांग लावायची. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय! पुढं माझं झाकण हरवलं. भिंग पुसायचा मऊ कागद संपला, तो परत आलाच नाही.

यंदा मनापासून यायची ती एकटी रुक्सार, पडेगावहून, पहिल्या बसनं. तिला गोळ्यांची तपासनीस व्हायचं होतं. गुन्ह्यातल्या गोळ्या तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेच्या भरतीचा अर्ज तिनं भरून ठेवला होता, फक्त यंदा पास झाल्याचा निकाल जोडायचा राहिला होता.

परीक्षेच्या सकाळी शिपाई सांडूमामा आले. "बाहेरचे सर येणारेत, लख्ख दिस रे बाबा," म्हणाले आणि टेबलाच्या फडक्यानं माझं वरचं भिंग खसाखसा पुसलं. मायेनंच पुसलं हो! पण फडक्यात धूळ होती. भिंगावर चार ओरखडे उठले. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

रुक्सारला दहा मिनिटं मिळाली. तिला या गोळीवरून त्या गोळीवर सरळ गेलेल्या चार रेघा दिसल्या. तिनं लिहिलं, 'जुळतात'. तिच्याच वर्गातल्या मोनिकानं माझ्यात धड डोकावलंही नाही. दरवर्षी तीच जोडी ठेवतात, हे तिला मागच्या पोरांनी सांगून ठेवलं होतं. तिनं लिहिलं, 'जुळत नाहीत'.

मोनिका पास झाली, रुक्सार नापास.

माझी देखभाल कॉलेजातल्या इंद्रजीत सरांकडं होती. निकालानंतर रुक्सार त्यांना माझ्यापाशी घेऊन आली. "सर, मी गोळी फिरवते, तुम्ही बघा. रेघा हलतात का?"

सरांनी बराच वेळ बघितलं. "नाय हलत. काचेवरच्या हायेत या. पण पोरी, हे तू तेव्हाच फिरवून बघायचं होतंस."

"हां सर, चूक माझीच," ती म्हणाली. "खरी केस असती तर माझ्यामुळं कुणीतरी जेलात सडला असता."

तिनं सरांना एका शब्दानं दोष दिला नाही. मला मात्र लई वाईट वाटलं. भरतीची तारीख निघून गेली, आणि ती पुन्हा आली नाही. मोनिकाला नोकरी लागली. ती आता खऱ्या गोळ्या तपासते.

मित्रांनो, मला झाकत जा, मऊ कागदानं पुसत जा, आणि माझ्यावर विश्वास टाकण्याआधी मलाही तपासत जा. माझं खोटं ओळखणारी एकच पोर होती. तिलाच मी घालवून बसलो.