काटे जुळवताना

त्या दिवशी मागच्या खोलीचं दार नेहमीसारखं लोटलेलं होतं. थोरली चहाचे कप घेऊन आली आणि सवयीने आधी बाहेरच थांबली.

"एकशे दोन," आतून बाबांचा आवाज आला.

"माझ्याकडे शंभर," धाकटी म्हणाली.

"मग तुझं चुकतंय."

"माझं कसं चुकेल? आकडा थेट सिम्युलेटरमधून येतोय."

"आणि काटा थेट माझ्या डोळ्यांसमोर आहे. आण खाली."

धाकटी हसली. बाबाही हसले. थोरलीने कोपराने दार ढकललं.

बाबांनी उभा जन्म हेलिकॉप्टरची इंजिनं उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात घालवला होता. उडवायला मात्र त्यांना कुणी दिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत प्लायवूडचं कॉकपिट उभं केलं, भंगारातून आणलेली एक सीट त्यात बसवली आणि समोर मोठा पडदा लावला. पडद्यावर सिम्युलेटरमधलं हेलिकॉप्टर उडत होतं. पण आकडे पडद्यावर वाचणं बाबांना मान्य नव्हतं. त्यांना तबकडी हवी होती, काटे हवे होते.

तिथे धाकटी कामाला आली. तिने एक प्रोग्रॅम लिहिला. तो सिम्युलेटरमधून इंजिनचा आणि रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या मोठ्या पात्यांचा, वेग टक्क्यांत वाचून घ्यायचा आणि दोन छोट्या मोटरींना कळवायचा. मोटरी काटे फिरवायच्या. दोन्ही काटे एकाच तबकडीवर होते. सगळं सुरळीत असलं की एकावर एक, शंभरावर, तबकडीच्या माथ्याशी. इंजिन बंद पडलं की इंजिनचा काटा खाली यायचा आणि रोटरचा वरच राहायचा, कारण खाली येताना अंगावर येणारा वारा पाती फिरवत ठेवतो. तेवढ्या जोरावर पायलट हेलिकॉप्टर जमिनीला टेकवतो.

थोरलीला हे सगळं माहीत होतं. तिने त्यावर पुस्तकं वाचली होती, तीही कुणाला न दाखवता. एकदा जेवताना तिने वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांबद्दल एक बरा प्रश्न काढला होता. बाबांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि उत्तर मात्र धाकटीकडे बघत दिलं.

"चहा," थोरली म्हणाली.

"ठेव तिथे." बाबांनी मान वळवली नाही. "हं, आता इंजिन घालव."

धाकटीने एक बटण दाबलं. काटे अलग झाले. बाबांनी हात पुढे केला, धाकटीने त्यावर टाळी दिली. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "उतरलं का हेलिकॉप्टर? उतरलं असेल तर जेवून घ्या. नाहीतर ताटं वर पाठवते."

आई, बाबा आणि धाकटी, तिघंही हसले. तिघांच्या त्या हसण्यात आपण उपऱ्या आहोत असं थोरलीला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. ती कप तिथेच ठेवून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

भेटायला येणारा जो तो आधी धाकटीला जवळ घ्यायचा. "तुझ्यावर फार जीव गं त्यांचा." थोरली पाणी आणून द्यायची, खुर्च्या सरकवायची. कुणीतरी तिच्याही डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालं, "तू मोठी, तू सांभाळ हिला." तिने मान हलवली. वडील गेल्यावरही आपला नंबर दुसराच, हा विचार तिच्या मनात आला. तो इतका क्षुद्र होता की ती खुर्च्या पुसायला लागली.

बाबांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता पायलट तयार करायच्या संस्थेत होता. कॉकपिट आम्हाला द्या, मुलं त्यावर सराव करतील, असं तो म्हणाला. आईने होकार दिला. न्यायला गाडी येणार, त्याच्या आधी एकदा सगळं तपासून घ्यावं म्हणून धाकटी मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली.

"ताई, जरा येतेस? दोघी लागतात. मी आकडा सांगते, तू काटा वाच."

थोरलीने हातातलं पुस्तक पालथं ठेवलं आणि ती उठली.

ती सीटवर ताठ बसली, परीक्षेला बसावं तशी. धाकटी मागे कॉम्प्युटरपाशी होती.

"माझ्याकडे शंभर."

"अठ्ठ्याण्णव."

"रोटर विचारतेय."

"दोन्ही. एकावर एक आहेत. अठ्ठ्याण्णव."

"नीट बघ ना."

"नीटच बघतेय."

"बाबांनी स्वतः बघून लावून घेतलाय गं तो. त्यांना कधी अठ्ठ्याण्णव दिसले नाहीत."

म्हणजे मला वाचताही येत नाही, असं थोरलीला वाटलं. ती रागाने जराशी सरकली आणि सीटच्या फोममध्ये एका बाजूला रुतली. डावीकडे फोम खोल दबला होता, उजवीकडे जवळजवळ नवा होता. बाबांची उजवी कंबर दुखायची. ते सारं वजन डावीकडे टाकून बसायचे. तिने अंग त्या खळग्यात सोडलं. मान आपोआप डावीकडे कलली.

काटे शंभरावर होते.

ती ताठ झाली. अठ्ठ्याण्णव. पुन्हा कलली. शंभर. दोन काटे एकावर एक बसवायचे म्हणून ते तबकडीपासून बरेच वर उचललेले होते. डावीकडून बघितलं की पुढे सरकलेले दिसत. बाबा जिथून बघायचे तिथून ते बरोबर होते. इतर कुठूनही नाही.

"ताई? काय दिसतंय?"

थोरली पुन्हा एकदा डावीकडे कलली. बाबांची एक गोष्ट तिच्या हाती लागली होती आणि ती धाकटीला ठाऊक नव्हती. शंभर म्हणून टाकलं असतं तर काम झालं असतं, धाकटी खूश झाली असती, आणि हे फक्त आपलं राहिलं असतं. तो मोह तिने पुरता चाखला. मग तिला या सीटवर ताठ बसणारी, शिकाऊ, चुकीचा आकडा खरा मानणारी मुलं दिसली.

"इकडे ये," ती म्हणाली. "इथे बस. नाही, अशी नाही. डावीकडे. त्या खळग्यात."

धाकटी बसली, कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. बराच वेळ तिने तबकडीवरून नजर काढली नाही.

"मी त्यांच्या बसण्याला जुळवत राहिले," ती म्हणाली. "आणि मला कळलंही नाही. मला मागून फक्त पाठ दिसायची." आणि मग, "माझ्याशी टक्के सोडून काही बोलायचे नाहीत ते."

"टक्के तरी बोलायचे."

धाकटीने वर बघितलं.

"बदलावं लागेल," ती म्हणाली. "मुलं सरळ बसतील."

"बदल. पण आधी ऐक." थोरलीचा एक हात सीटच्या पाठीवर होता. ती सावकाश बोलली. "मला या सीटवर बसायचं होतं. तुला ते रोज आत बोलवायचे. मला एकदा तरी म्हणायला हवं होतं त्यांनी, ये, बस, वाच. मी दाराबाहेर उभी राहून तुमचे आकडे ऐकायचे. मला तुझा हेवा वाटायचा. ते गेले त्या दिवशीही वाटला. आत्ताही वाटतोय."