न केलेल्या तक्रारी

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जेमतेम दोन खुर्च्या मावत. त्यात ताईने तिसरी घुसवली होती आणि भावाच्या शेजारी जीव मुठीत धरून बसली होती. भाऊ चौतीस वर्षांचा बाप्या, पण घरात अजून छोटूच. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. पडद्यावर आलेला मजकूर एक प्रोग्राम त्याच्या कानात वाचायचा, त्यावर त्याची नोकरी चालायची. ती फोनवरची नोकरी राहते की जाते, हे आज एक्सचेंजच्या मोठ्या बाई ठरवणार होत्या.

झालं होतं असं, की हॉस्पिटलने सगळे कॉम्प्युटर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेले. जुनी आणि नवी, दोघी युनिक्स नावाच्या एकाच मूळ सिस्टिमच्या घराण्यातल्या, चुलत बहिणी म्हणा ना. चेहरामोहरा सारखा, खोडी निराळ्या. छोटूचा वाचणारा प्रोग्राम फक्त जुनीशी जमवून घ्यायचा. त्याचा कोड सगळ्या जगाला खुला होता, पण तो नव्या सिस्टिमवर नांदवायचा कोणी? ताईने. पोर्टिंग, म्हणजे एका सिस्टिमवरचा प्रोग्राम दुसरीवर चालता करणं, हेच तिचं काम. तीन महिने ती त्यात खपली.

सुरुवातीला छोटू रोज एक खोट काढायचा. एकदा ती वैतागून म्हणाली, "आता आणखी एक खुसपट काढलंस ना, तर तूच बस हे लिहायला." त्यानंतर त्याने काही सांगितलं नाही, आणि ताई खुशाल धरून चालली की जमलं. तिच्या दुनियेतली रीतच तशी. काम नीट झालं की प्रोग्राम गप्प असतो, बिघडलं तरच बोंब मारतो. एरवी शहाणी बाई, पण इथे तिने माती खाल्ली.

काल जेवताना छोटू सहज म्हणाला, "बाई उद्या माझं काम बघणार आहेत. बहुतेक स्टोअरमध्ये शिक्के मारायला बसवतील. हात संथ झालाय म्हणे माझा."

ताईला हे पटेना. ज्या माणसाला अख्ख्या हॉस्पिटलचे नंबर तोंडपाठ, त्याचा हात संथ कसा होईल? म्हणून आज ती लॅपटॉप घेऊन त्याच्याबरोबरच आली.

"मलाही ऐकव," ती म्हणाली.

"तुला कळणार नाही."

खरंच कळलं नाही. तो इतक्या भरधाव वेगाने ऐकायचा, की तिला पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखं वाटलं. मग ती पडद्याकडे बघत बसली. निरोप आला: वॉर्ड तीन, डॉक्टर तातडीने हवेत, खोली चारशे बारा. छोटूने फोन उचलला, पण डॉक्टरांना नाही, वॉर्डात लावला.

"सिस्टर, खोली कुठली म्हणालात?"

"अरे, समोर लिहिलंय की," ताई म्हणाली. "चारशे बारा."

त्याने निमूटपणे तो फोन ठेवला आणि डॉक्टरांना खोली सांगितली. त्याचे कान लाल झाले होते.

"सावकाश लाव. परत ऐकव."

त्याने वेग कमी केला. "...तातडीने हवेत, खोली चारशे," असं म्हणून आवाज बंद पडला. बारा कुठे गेले? ताईला क्षणात उमगलं. जुन्या सिस्टिमला आवाज बंद कर म्हटलं, की ती उरलेलं बोलून मग गप्प व्हायची. ही नवी तिथल्या तिथे तोंड मिटायची. ताईने आपल्या बेताच्या वेगात लांबलचक उतारे ऐकून तपासणी केली होती. शेवटचा शब्द गेला तरी उताऱ्यात काय कळतंय?

"हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तू दमली होतीस. तेवढा शेवट मी विचारून घ्यायचो."

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि दोन स्वतःच्या. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती कामाला लागली. आधी उरलेला आवाज संपू दे, मग बंद हो, एवढंच तर सांगायचं होतं. पण घाईत दोनदा चुकीचं टाइप झालं. बदललेला प्रोग्राम तयार व्हायला लागला, ओळी मुंगीच्या पावलाने सरकू लागल्या.

"बाई आल्या," छोटू म्हणाला. "जिन्यात आहेत."

बाई दारात पोचल्या तेव्हा ताई नवा प्रोग्राम त्याच्या मशीनवर चढवून नुकती मागे सरकली होती. चाललाच नाही तर? तेवढ्यात निरोप आला. छोटूने ऐकला आणि कुणाला काही न विचारता थेट डॉक्टरांना फोन लावला. पुढचाही तसाच.

"आज एकदम झटपट?" बाई म्हणाल्या. "म्हणजे काही अडचण नाही ना?"

नाही म्हण, ताई मनात विनवत होती. एवढा एक शब्द आणि सुटलो.

छोटूने इअरफोन काढला. "आहे, बाई. मध्येच फोन वाजला की हा प्रोग्राम निरोप अर्धा गिळतो. मला पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं."

बाई रिकाम्या खुर्चीत धपकन बसल्या. "महिनाभर रोज विचारतेय तुला. रोज आपलं 'उत्तम आहे, बाई'. आणि तिकडे वॉर्डातून ओरड, की एक्सचेंज आम्हालाच खोल्या विचारतं. अडचण नाही आणि काम रखडतंय, मग मी काय समजायचं? गडी कामातून गेला, असंच समजले ना. आज तुला हलवूनच जाणार होते."

"आणि आता?" ताईने कसंबसं विचारलं.

"आता इथेच बसेल. पण काय काय बिघडलंय ते सगळं सांगायचं. तूच याची बहीण ना? घे गं लिहून."

छोटू सांगू लागला. एक झालं, दुसरं झालं, तो थांबेचना. इतके दिवस हे सगळं पोटात ठेवून हा रोज आपल्यासमोर जेवत होता, या विचाराने ताईचे डोळे भरून आले. लिहिताना अक्षरं फुटत होती.

"झालं?" शेवटी तिने विचारलं.

"आवाजाचं झालं," छोटू म्हणाला. "तुझ्याविषयीचं राहिलंय. ते घरी सांगतो."

तिने नुसती मान हलवली. पण ती त्याला दिसणार नव्हती, तेव्हा तोंडाने म्हणावंच लागलं, "सांग."