नटावरचा लाल ठिपका

सायकल न्यायला मेहुणी सकाळीच आली. बायको वारून दोन महिने झाले होते आणि तिची सायकल मिस्त्रीच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात भिंतीला तशीच टेकून उभी होती. मेहुणीला कामावर जायला हवी होती. मिस्त्री नाही म्हणाला नाही.

"पाच मिनिटं थांब. पुढचा ब्रेक एका बाजूला घासतो, तेवढा मधोमध आणतो."

हे पाच मिनिटांचं काम वर्षभर राहिलं होतं. "रबर रिमला घासतंय हो, पायडल मारून पाय भरून येतात," बायको सांगायची. "उद्या बघतो," तो म्हणायचा. आधी गिऱ्हाइकांच्या सायकली, तिची आपली शेवटी. मग एक दिवस तिनं सांगणंच सोडलं. त्याला वाटलं, सवय झाली असेल. आता निदान एवढं काम तरी आपल्या हातानं करायचं आणि मगच तिची सायकल दुकानाबाहेर जाऊ द्यायची, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

त्यानं सायकल उलटी केली, चाकाला हात मारला. चाक फिरलं. आवाज नाही. वाकून पाहिलं, तर दोन्ही रबरं रिमपासून अगदी सारख्या अंतरावर. आणि ब्रेकच्या नटावर लाल रंगाचा ठिपका.

तो ठिपका त्याला कळणार नाही तर कुणाला? मागच्या गल्लीतला मिस्त्री नट आवळला की त्यावर असा ठिपका देतो, म्हणजे पुढे नट हलला तर दिसतं. "पाना धरता येत नाही म्हणून रंगकाम करतो लेकाचा," अशी यानं वर्षानुवर्षं त्याची टिंगल केली होती. जेवताना, तिच्यासमोर.

"हे कधी?"

मेहुणीनं नजर चुकवली. "झाले की सहा-सात महिने. मी होते बरोबर. तो म्हणालाही, वहिनी, घरात मिस्त्री असताना माझ्याकडे? तर ताई म्हणते कशी, घरातला मिस्त्री गावाचा आहे, मी कुठे गावात राहते, मी तर घरात राहते. आम्ही तिघंही हसलो."

मिस्त्रीनं पाना उचलला.

"भावजी, चांगला आहे की!"

"ब्रेक दाबून धर."

हे काम असंच करायचं. एकानं ब्रेक दाबून धरायचा, रबरं दोन्हीकडून रिमला चिकटली की दुसऱ्यानं नट आवळायचा. इतकी वर्षं धरायला बायको असायची. त्यानं नट सैल केला. ठिपका मधोमध तुटला. नट आवळला, चाक फिरवलं. चर्र. पुन्हा केलं. चर्र. मग त्यानं पक्कडीनं स्प्रिंग वाकवली, रागातच, आणि ती जास्त वाकली. आता पलीकडचं रबर घासू लागलं.

"होता तसाच करून द्या ना," मेहुणी हळूच म्हणाली.

तेच त्याला जमत नव्हतं.

"झालंय," तो म्हणाला. "चालव. रबर झिजलं की आपोआप बसेल."

बायकोलाही तो कधीकधी हेच सांगायचा.

मेहुणीनं सायकल सरळ केली. सायकलवर बसून निघाली. चर्र, चर्र, चर्र. तो दारात उभा राहून ऐकत होता. तिचं घर उजवीकडे होतं. कोपऱ्यावर ती डावीकडे वळली, मागच्या गल्लीत.