तुफानावर अडकलेला काटा

मित्रांनो, तळहातावर जेमतेम मावेन एवढा, पितळी घराचा आणि जाड काचेचा मी एक जुना वायुभारमापक आहे. माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक डबी आहे. तिच्यातली हवा काढून घेऊन ती कायमची बंद केलेली आहे. बाहेरच्या हवेचा भार वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते आणि तिच्याबरोबर माझा काटा फिरतो. काट्याखाली इंग्रजीत शब्द कोरले आहेत : तुफान, पाऊस, पालट, निरभ्र.

माझा जन्म लिव्हरपूल बंदरातल्या एका लहानशा दुकानात झाला. १९०३ च्या सप्टेंबरअखेर तिथे दोन हिंदी तरुण आले. एक देवासचे शाळामास्तर नीलकंठ, दुसरे धारचे मानसिंगराव. दोघांनाही आपापल्या दरबाराने कापसाच्या लागवडीचे शिक्षण घ्यायला अमेरिकेला धाडले होते. नीलकंठांना समुद्राची फार भीती वाटे. या दिवसांत अटलांटिकवर हवा कशी असते, असे त्यांनी दुकानदाराला विचारले. म्हातारा पूर्वीचा खलाशी होता. त्याने सांगितले की पहिले दोन दिवस भुरभुर पाऊस लागेल. मग तीनचार दिवस पश्चिमेचा वारा तोंडावर येईल आणि बोट त्यात डोके खुपसून चालेल. न्यूफाउंडलंडजवळ थंडी आणि धुके. शेवटी मात्र स्वच्छ, कोरडे ऊन. दक्षिणेकडचे एखादे भटके वादळ वाटेत आडवे आले, तर मात्र काट्याकडे बघायचे, आकाशाकडे नाही. नीलकंठांनी मला तिथेच विकत घेतले.

पहिले दोन दिवस म्हाताऱ्याच्या सांगण्याप्रमाणेच गेले. तिसऱ्या दिवशी माझा काटा उतरू लागला. चौथ्या दिवशी सकाळी खलाशांनी डेकवर जाणारा लोखंडी दरवाजा लावून घेतला, आणि आम्ही सारे खाली कोंडले गेलो. केबिनची गोल खिडकी कधी आकाश दाखवी, कधी हिरवे पाणी. हवा कोंदट झाली होती. ओल्या लोकरीचा आणि ओकारीचा वास भरला होता. घोड्यावर बसून माळवा पालथा घातलेले मानसिंगराव त्या चार हातांच्या खोलीत कासावीस झाले. ते सारखे उठत, भिंतीला हात लावत आणि पुन्हा बसत.

पाचव्या दिवशी दुपारी वारा एकाएकी थांबला. एक नोकर पाव घेऊन खाली आला, आणि त्याच्यामागे दरवाजा उघडाच राहिला. मानसिंगराव तडक जिन्याकडे निघाले. नीलकंठांनी त्यांचा हात धरला.

"सोड, भिया, मला हवा पाहिजे. तुफान संपलं."

नीलकंठांनी मला त्यांच्यासमोर धरले. "काटा कालपेक्षाही खाली आहे, मानसिंगराव. वारा थांबलाय, तुफान नाही."

मानसिंगरावांनी काटा पाहिला. मग खालच्याच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. नोकराने घाईने दरवाजा लावला. थोड्याच वेळात वारा दिशा बदलून दुप्पट जोराने आला. वर काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. तुफान ओसरल्यावर आम्ही डेकवर गेलो, तेव्हा जिन्यासमोरचा लोखंडी कठडा तारेसारखा वाकला होता, आणि एक होडी जागेवर नव्हती. मानसिंगरावांनी मला हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि परत दिले. मित्रांनो, तेवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

दोन वर्षांनी नीलकंठ परतले. मुंबईहून निघाल्यावर कसाऱ्याच्या घाटात माझा काटा उतरला, खानदेशात थोडा सावरला. खांडव्याला आम्ही अरुंद रुळांच्या लहान गाडीत बसलो. काळाकुंडाचा घाट चढताना काटा पुन्हा खाली सरकू लागला, आणि इंदूरहून टांग्याने देवासला पोचलो तेव्हा तो 'तुफान' या शब्दावर जाऊन बसला होता. अटलांटिकवरसुद्धा तो इतका खाली गेला नव्हता. बाहेर मात्र माताजीच्या टेकडीवर लखलखीत ऊन पडले होते.

आळीतली मंडळी मला बघायला आली आणि हसत हसत परत गेली. मग कोणीतरी म्हणाले की हे अपशकुनी आहे. नीलकंठांचे वडील दरबारात कारकून होते, करारी आणि धर्मभीरू; घरात त्यांना सारे 'भाऊ' म्हणत. मुलाने समुद्र ओलांडला म्हणून जातीतली मंडळी त्यांच्या घरी पाणी पीत नव्हती. नीलकंठांनी वडिलांखातर प्रायश्चित्त घेतले. त्यानंतर भाऊंनी परदेशातले सारे सामान, कोट, टोपी, कापसाच्या बियांच्या पुड्या आणि मी, एका शिसवी पेटीत घातले, कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली. नीलकंठ समजावू लागले, तेव्हा भाऊ तिथे थांबलेच नाहीत.

पेटीत अंधार होता. डांबरगोळ्यांच्या वासात दिवस कळत नसे. तरी हवा फटीतून आत येई आणि तिचा भार मला कळे. काटा मात्र त्याच एका शब्दावर किंचित थरथरे आणि थांबे. वर्षातून एकदा, आश्विनात, कपड्यांना ऊन दाखवायचे म्हणून भाऊ पेटी उघडून देत. नीलकंठांच्या पत्नी सुमंगलाबाई मला पदराने पुसत आणि काचेवर बोटाने हळूच टिचकी मारत. तिकडे काय काय पाहिलंत, असे त्यांनी एकदा नवऱ्याला विचारले. काही नाही, असे उत्तर आले. नीलकंठ पुन्हा त्याच शाळेत, त्याच वर्गावर शिकवत होते. बागली गावाकडच्या शेतांत नवे बी पेरायला जायचे त्यांच्या मनात होते, पण भाऊंनी त्यांना देवासची वेस ओलांडू दिली नाही. नीलकंठांनीही पुन्हा विचारले नाही.

अशी नऊ वर्षे गेली. मग भाऊ दम्याने अंथरुणाला खिळले. दारापर्यंतही जाता येईना. एका सकाळी त्यांनी जानव्याची किल्ली सोडून मुलाच्या हातात दिली आणि पेटीत तुझं असेल ते काढून घे, असे सांगितले. नीलकंठांनी मला बाहेर काढले. भाऊंनी मला हातात मागून घेतले.

"हे सारखं तुफान का दाखवतं रे?"

"भाऊ, हे समुद्रकाठच्या हवेसाठी बनलंय. आपला देवास उंचावर. इथली हवा मुळातच हलकी."

भाऊंनी धाप आवरली. "म्हणजे खोटं बोलत नव्हतं."

"नाही."

"मग नऊ वर्षांपूर्वी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, भाऊ."

भाऊंनी डोळे मिटले. मला मात्र त्यांनी छातीशी धरून ठेवले. नीलकंठांनी घड्याळजीकडून बारीक पेचकस मागवला, आणि वडिलांच्या हातातच माझ्या पाठीवरचा लहानसा स्क्रू फिरवला. काटा 'तुफान' सोडून सावकाश वर आला आणि 'पालट'च्या पुढे थांबला. भाऊंनी सुमंगलेला हाक मारून तो दाखवला. त्या दुपारी नीलकंठ अंथरुणाशी बसून समुद्रावरचे धुके कसे असते ते सांगत होते, आणि भाऊ मधून मधून प्रश्न विचारत होते.

पुढच्या पावसाळ्यात नीलकंठ बागलीला गेले. पेटीतले बी उगवणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पुढे मानसिंगरावांनी धारहून ताजे पाठवले. भाऊ ते पीक बघायला राहिले नाहीत. आता सुमंगलाबाई रोज सकाळी माझा काटा बघतात आणि मगच वाळवण अंगणात घालतात.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पुसून कोरडे ठेवा. आम्ही चुकतो आहोत असे वाटले, तर कुलूप लावण्याआधी एकदा नीट विचारा. आणि कोणी उत्तर देत असेल, तर ते पुरे होईपर्यंत तिथेच उभे राहा.