झाकण नसलेलं विमान

अण्णांना विमानाच्या अंगावर एकही काडी दिसलेली खपत नसे. पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करायचे, पण जीव रमायचा तो घरच्या गॅलरीत, रिमोटवर उडणारी विमानं बनवण्यात. शेपटीची पट्टी वर-खाली करायला एक छोटी मोटर लागते, तिला सर्व्हो म्हणतात. बाकीचे लोक तो सर्व्हो विमानाच्या पोटात बसवतात आणि त्याची सळई बाहेरून शेपटीपर्यंत नेतात. अण्णा म्हणायचे, "विमान आहे की मोडकी छत्री?"

या वेळी त्यांनी सर्व्हो शेपटीतच आडवा निजवला. सळई आतल्या आत क्लिपने पट्टीला अडकवली आणि वरून हलक्या लाकडाचा पापुद्रा चिकटवून, घासून रंग दिला. रिमोटची दांडी हलवली की पट्टी आपसूक हलायची. कशामुळे, ते कुणाला कळायचं नाही.

अण्णांनी बनवायचं आणि ठकीनं उडवायचं, अशी बापलेकीची वाटणी होती. ठकी औषधांच्या दुकानात कामाला होती. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा शेपटी बंदही झाली होती.

"एक छोटं झाकण ठेवायचं होतंत ना, अण्णा. क्लिप बघता आली असती. खऱ्या विमानालासुद्धा असतात."

"खऱ्या विमानाला असतील. माझ्या हाताला झाकण लागत नाही."

ती हसली. अण्णांचं काम म्हणजे बघायलाच नको, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं.

रविवारी सकाळी मैदानावर विमान उडालं. एक फेरी झाली, दुसरी झाली. अण्णा मान तिरकी करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर बघत होते. तिसऱ्या फेरीत ठकीनं दांडी मागे ओढली, पण नाक वर आलंच नाही. तिनं पुन्हा ओढली. विमान खालीच येत राहिलं. इंजिनाचा जोर वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. काहीच ऐकेना.

"अण्णा, पट्टी आतून सुटली."

"शक्य नाही," अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात विमान कुंपणापाशी जमिनीत घुसलं.

शेपटी अख्खी राहिली होती. ठकीनं चाकूनं रंगीत पापुद्रा सोलला. क्लिप उघडीच होती. ती उघडू नये म्हणून वर सरकवायची रबरी कडी सळईवर मागेच राहिली होती. एवढी लाल कडी, शेंबडं पोरही चुकलं नसतं.

"कडी लावायची राहिली," ती म्हणाली.

"लावली होती." अण्णांनी शेपटी हातात घेतली. त्यांनी बघितलं नाही, बोटानं चाचपलं. बोट कडीवर थांबलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

वर्तमानपत्र ठकीला मोठ्यानं वाचायला लावणं, चष्मा सापडत नाही म्हणणं, ते मान तिरकी करून बघणं, सगळं तिला एकदम कळलं.

"अण्णा, तुम्हाला दिसत नाही?"

"कडेचं दिसतं. मधलं पुसल्यासारखं झालंय." ते मातीकडे बघत बोलत होते. "सांगितलं असतं तर मला कोण कामावर ठेवणार होतं? आणि घरात बसून काय करू मी?"

तिला त्यांचा हात धरावासा वाटला. पण त्याआधी दुसरंच काहीतरी मनात आलं.

"शेवटची लिफ्ट कुठली उघडली होतीत?"

"प्रसूतिगृहाची. ब्रेक खोलला होता."

विमान तिथंच टाकून दोघं गाडीत बसली. प्रसूतिगृहात फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. अण्णांच्या वरच्या सुपरवायझरला तिनं फोनवर कसंबसं सगळं सांगितलं.

"ब्रेकची खिळी निसटू नये म्हणून तिच्यात पिन असते ना? ती वाकवली होतीत?"

"वाकवली असणार."

"असणार, की वाकवली?"

अण्णा मांडीवर बोटं हलवून ते काम पुन्हा करून बघत होते. पिन घातली, पक्कड घेतली, आणि मग? मग काय केलं ते त्यांना आठवेना. "देवा," एवढंच ते पुटपुटले.

प्रसूतिगृहात लिफ्ट नुकतीच वर निघाली होती. आत स्ट्रेचर होतं. तिथल्या आयाबाईंना ठकीनं सगळ्यांना थांबवायला सांगितलं आणि दारावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिली. अण्णांना आकडे दिसत नव्हते. ते दाराला कान लावून उभे होते. वर दार उघडल्याचा आवाज आला, स्ट्रेचरची चाकं खडखडली, आणि वरून कुणीतरी ओरडून सांगितलं, बाई बाहेर आल्या. अण्णांनी चाचपडत खटका शोधला आणि लिफ्ट बंद केली.

सुपरवायझर आला तो थेट गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत गेला. त्याच्यामागून ही दोघं जिना चढली. त्यानं ब्रेकवर टॉर्च धरला. पिन वाकवलेली नव्हती. अर्धी बाहेर आली होती आणि खिळीही सरकू लागली होती.

तो अण्णांचाच चेला. काम त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं पिन परत आत ढकलली, पकडीनं तिचे दोन्ही पाय वाकवले आणि खिशातून वही काढली.

"काका, आणखी कुठं कुठं काम केलंत?"

अण्णा पायरीवर बसले. "त्या सगळ्या लिफ्ट बंद करायला लावशील?"

"लावावंच लागेल."

"मग लिहून घे."

ते एकेक इमारतीचं नाव सांगत गेले. वृद्धाश्रम. कापडाची गिरणी. ठकीच्या मैत्रिणीची इमारत. प्रत्येक नावाला सुपरवायझर फोन लावायचा आणि म्हणायचा, लिफ्ट आत्ता बंद करा, हो, आत्ताच. मध्ये अण्णा अडखळले. एक नाव त्यांना आठवत नव्हतं. पांढरी फरशी, तळमजल्यावर दाताचा दवाखाना, एवढंच ते परत परत सांगत राहिले.

"आठवेल, अण्णा," ठकी म्हणाली.

"आत्ता आठवायला हवं गं," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना रडताना पाहिलं.

ती जिन्याकडे वळली. "मी गाडी काढते. दाताचा दवाखाना दिसेल तिथं उतरून फरशी बघू."