दुपारचं चार्जिंग

मावशींचा हात पुढे येताच तिने काउंटरवरचा वडिलांचा मनगटपट्टा स्वतःकडे ओढून घेतला.

"यात सगळं दिसतं ना? कधी काढला, कधी घातला?"

"मिनिटासकट," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने पट्टा संगणकाला जोडला.

वडिलांच्या हृदयाचे ठोके बिघडले की तिच्या फोनवर इशारा यायला हवा होता. तो आलाच नाही. वडील आरामखुर्चीत झोपेतच गेले तेव्हा पट्टा स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. खोक्यावर तर ठळक छापलं होतं, एकदा चार्ज केला की पाच दिवस. मग भर दुपारी काढला कशाला? वडिलांना सांभाळणाऱ्या मावशींना तिने मुद्दाम सोबत आणलं होतं, चेहरा बघायला. मावशींना पाठवणाऱ्या संस्थेकडे करायची तक्रार मनात लिहून तयार होती.

"किती वेळा लावायचात चार्जिंगला?"

"दोनदा. सकाळी आंघोळीला जाताना, नि दुपारी बाबांचा डोळा लागला की."

"पाच दिवस चालतो तो, मावशी."

"खोक्यावर चालत असेल, ताई. आमच्याकडे जेवणापर्यंत मान टाकायचा."

उत्तर फार पटकन आलं. पाठ केल्यासारखं.

"बरोबर सांगतायत त्या," दुरुस्तीवाल्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. "रोज दोनदा लावलाय. बॅटरी ठणठणीत आहे. नुसते ठोके मोजायला हा मुंगीएवढं खातो. पण कोणी फोनवरून 'आत्ताचे ठोके दाखव' म्हटलं, की बिचारा जागा होणार, मोजणार, पाठवणार. बॅटरी जाते ती त्यात. हे बघा, एका दिवसात एकशे ऐंशी वेळा! तेही एकाच फोनवरून. कोण हो हा बहाद्दर?"

तिने वेळा वाचल्या. नऊ दहा, नऊ चौदा, नऊ सतरा : बसमध्ये. अकरा वीस : मीटिंग, टेबलाखाली. तिने हातातला फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली.

"बंद करता येत नाही का ते?"

"येतं की. पट्ट्यावरच बटण आहे. कोणी दाबलं नाही."

ती मावशींकडे वळली. आवाजातली धार अजून गेली नव्हती. "तुम्हाला माहीत होतं बटण?"

"हो. दर वेळी हातावर थरथरायचा ना तो. मी म्हटलं, बाबा, बंद करते. तर हात मागे घेतला. म्हणाले, पोरगी हाक मारतेय, मारू दे."

दुरुस्तीवाला उगाच वायर गुंडाळू लागला.

"त्या दुपारी?" तिने विचारलं. "तेव्हाही थरथरला?"

"दोनदा. ओट्यावर." मावशींनी पिशवीचा बंद बोटाभोवती आवळला. "मी त्यालाच म्हटलं, ताई, आत्ता झोपलेत ते. उठले की सांगते."